बूटेबल पेन ड्राइव्ह बनवून विंडोज परत टाकायचंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॅपटॉप बसला की लोकांचे मेसेज येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, फक्त शब्द वेगळे. म्हणून सगळे एका जागी लिहून काढलेत. आधी सोपे, मग अडलेल्या केसेस. जास्त भर विंडोजवर आहे कारण विचारणारे ९० टक्के तेच विचारतात, पण लिनक्स आणि मॅकचंही शेवटी आहे. कितीही घाईत असाल तरी प्रश्न ३ वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. पेन ड्राइव्ह बिघडला तर परत बनवता येतो, जुने फोटो परत काढता येत नाहीत.

१. बूटेबल पेन ड्राइव्ह म्हणजे नक्की काय? आयएसओ फाइल पेन ड्राइव्हवर कॉपी केली तरी चालू का होत नाही?

कॉम्प्युटर चालू केला की आधी मदरबोर्डवरचा छोटा प्रोग्राम जागा होतो, जुन्या मशीनमध्ये त्याला बायोस म्हणतात आणि नव्यामध्ये यूईएफआय (बोलताना दोन्हीला बायोसच म्हणतो आपण). तो हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह असं एकेक तपासत जातो आणि कुठे बूटलोडर (सिस्टिम चालू करून देणारा छोटा प्रोग्राम) सापडतोय का ते बघतो. बायोस ड्राइव्हच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये शोधतो, यूईएफआय फॅट३२ (फाइल्स मांडायची एक पद्धत) असलेल्या पार्टिशनमधल्या, म्हणजे ड्राइव्हच्या एका कप्प्यातल्या, ठरलेल्या फोल्डरमध्ये शोधतो. आयएसओ ही एक बंद पेटी आहे, अख्खी डीव्हीडी एका फाइलमध्ये भरलेली. ती तशीच कॉपी केली तर यूईएफआयला फक्त एक मोठी फाइल दिसते, पेटीच्या आत बूटलोडर आहे हे त्याला कळत नाही. रुफससारखी टूल्स ती पेटी उघडून आतल्या वस्तू जागच्या जागी लावून देतात, बास एवढंच.

२. पेन ड्राइव्ह किती जीबीचा लागेल? त्यात आधीचा डेटा आहे तो राहील का?

विंडोजसाठी कमीत कमी ८ जीबी, मी १६ सांगतो कारण वायफायचा ड्रायव्हर वगैरे सोबत ठेवायला जागा राहते (प्रश्न १३). विंडोज ११ ची आयएसओच ५ जीबीच्या वर असते त्यामुळे जुना ४ जीबीचा विसरा. आधीचा डेटा राहणार नाही, सगळा पुसला जातो, म्हणून आधी काढून घ्या.

एक लक्षात ठेवा, स्वस्तातले काही पेन ड्राइव्ह खोट्या साइजचे असतात, वर ६४ जीबी छापलेलं आणि आत प्रत्यक्षात ८. त्यावर लिहिताना एरर येत नाही पण इन्स्टॉल करताना मधेच फाइल सापडत नाही किंवा करप्ट आहे असं म्हणतं आणि माणूस आयएसओला दोष देत बसतो. शंका असेल तर एचटूटेस्टडब्ल्यू नावाच्या छोट्या टूलने तपासा, लिनक्सवर असाल तर एफथ्री.

३. विंडोज परत टाकलं तर माझे फोटो, फाइल्स जातील का? कॉम्प्युटर चालूच होत नाहीये, बॅकअप घेऊ कसा?

पेन ड्राइव्ह नुसता बनवल्याने किंवा त्यावरून बूट केल्याने तुमच्या हार्ड डिस्कवरचं काहीही जात नाही. जातं ते इन्स्टॉलरमध्ये पार्टिशन डिलीट किंवा फॉरमॅट केल्यावर. हा फरक नीट समजून घ्या कारण लोक एकतर पेन ड्राइव्ह लावायलाच घाबरतात नाहीतर बेधडक नेक्स्ट नेक्स्ट करत सुटतात.

विंडोज चालू होत नसलं तरी डेटा बहुतेक वेळा जागेवरच असतो. सगळ्यात चांगला रस्ता म्हणजे आधी विंडोजचा नाही तर लिनक्सचा पेन ड्राइव्ह बनवायचा, उबंटू किंवा मिंट, आणि बूट केल्यावर इन्स्टॉल न करता ट्राय हा पर्याय घ्यायचा. अख्खी सिस्टिम पेन ड्राइव्हवरून चालते, फाइल मॅनेजर उघडायचा, तुमची जुनी डिस्क तिथे दिसते, यूझर्स नावाच्या फोल्डरमध्ये तुमच्या नावाचं फोल्डर असतं आणि त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स. दुसरी एक्स्टर्नल डिस्क लावून सरळ कॉपी करून घ्या. डेस्कटॉपवरच्या फाइल्स सी ड्राइव्हमध्येच असतात हे खूप जणांना माहीत नसतं, "माझं सगळं डेस्कटॉपवर आहे, सी मध्ये काही नाही" असं म्हणून सी फॉरमॅट करतात आणि मग कळतं. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आणि बुकमार्क पण आठवणीने बघा, अकाउंटला सिंक नसतील तर तेही गेले.

डिस्क उघडताना रिकव्हरी की मागितली तर ती बिटलॉकरने (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं फीचर) लॉक आहे, प्रश्न १० बघा.

आणि एसएसडी असेल तर एक कडक गोष्ट सांगतो. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून फॉरमॅटनंतरही रिकव्हरी सॉफ्टवेअरने बरंच काही परत मिळायचं. एसएसडीमध्ये ट्रिम नावाचा प्रकार असतो, फॉरमॅट झालं की ड्राइव्ह स्वतःच ते ब्लॉक साफ करायला घेतो, मग परत मिळायची आशा जवळपास नसते. म्हणून बॅकअप आधी, आणि कॉपी झाल्यावर चार-पाच फाइल्स उघडून बघा की खरंच उघडतायत का.

४. घरात एकच कॉम्प्युटर आणि तोच बंद, मग पेन ड्राइव्ह बनवू कशावर?

ओळखीच्या कोणाचा तरी कॉम्प्युटर अर्धा तास मागा, हेच सगळ्यात सोपं. तो विंडोजच असायला हवा असं नाही, प्रश्न १४ बघा. अँड्रॉइड फोन आणि ओटीजी अडॅप्टर (फोनला पेन ड्राइव्ह जोडणारा) असेल तर एचड्रॉइड नावाचं ॲप लिनक्सची आयएसओ पेन ड्राइव्हवर लिहितं, फोन रूट करायला (सिस्टिमचे सगळे अधिकार उघडायला) लागत नाही. विंडोजची आयएसओ मात्र त्याने होत नाही. तरी हा रस्ता कामाचा आहे, कारण फोनवरून लिनक्सचा पेन ड्राइव्ह बनवायचा, त्यावरून बंद पडलेला लॅपटॉपच चालू करायचा, डेटा काढायचा आणि तिथूनच दुसऱ्या पेन ड्राइव्हवर विंडोज बनवायचं. लांबचा फेरा आहे पण केलेला आहे लोकांनी.

पेन ड्राइव्ह बनवायच्या आधी एकदा हेही बघा की त्याची गरज आहे का. विंडोज दोन-तीनदा चालू व्हायला फसलं की स्वतःच रिकव्हरीची निळी स्क्रीन आणतं, तिथे रिसेट धिस पीसी असतं आणि त्यात फाइल्स ठेवायचा पर्यायही असतो. ते चालत असेल तर पेन ड्राइव्हची भानगडच नको.

५. आयएसओ कुठून घेऊ? मित्राकडे "लाइट" विंडोज आहे, फास्ट चालतं म्हणतो, ते टाकू का?

नका टाकू. विंडोज १० आणि ११ दोन्ही मायक्रोसॉफ्टच्या साइटवर फुकट डाउनलोड होतात, लायसन्सचा प्रश्न नंतरचा आहे (प्रश्न १२). कोणीतरी कापून-छाटून बनवलेल्या आयएसओमध्ये काय काढलंय आणि काय घातलंय हे तुम्हाला कधीच कळणार नाही. अपडेट आणि अँटीव्हायरस काढून टाकलेल्या सिस्टिमवर तुम्ही बँकेचं लॉगिन करणार आहात, थोडा विचार करा. मला या एका गोष्टीची फार काळजी वाटते कारण त्याचा त्रास लगेच दिसत नाही.

विंडोज १० च्या पानावर विंडोजमधून गेलात तर फक्त मीडिया क्रिएशन टूल (पेन ड्राइव्ह बनवून देणारं मायक्रोसॉफ्टचं टूल) दिसतं, फोनवरून किंवा लिनक्स, मॅकवरून तेच पान उघडलं तर थेट आयएसओची लिंक मिळते. विंडोज ११ च्या पानावर आयएसओ सगळ्यांनाच दिसते.

डाउनलोड झाल्यावर चेकसम जुळवा. आयएसओ जिथून घेतली तिथे एसएचए-२५६ म्हणून ६४ अक्षरांची ओळ दिलेली असते, विंडोजमध्ये सर्टयूटिल कमांडने आणि लिनक्समध्ये एसएचए२५६सम ने तुमच्या फाइलची ओळ काढा, दोन्ही सारख्या आल्या म्हणजे फाइल अस्सल आणि पूर्ण. एक अक्षर जरी वेगळं आलं तरी परत डाउनलोड करा.

६. मीडिया क्रिएशन टूल, रुफस, व्हेन्टॉय, एचर... नक्की कुठलं वापरू?

पहिल्यांदाच करताय आणि फक्त विंडोज टाकायचंय, मशीन पण नवीन आहे, तर मीडिया क्रिएशन टूल. ते स्वतःच डाउनलोड करतं, स्वतःच पेन ड्राइव्ह बनवतं, काही निवडायला लागत नाही.

आयएसओ हातात असेल किंवा जुनं मशीन असेल तर रुफस. दीडेक एमबीचं टूल आहे, इन्स्टॉलही करायला लागत नाही, फक्त विंडोजवरच चालतं. स्टार्ट दाबल्यावर विंडोज ११ साठी एक चौकट येते, त्यात टीपीएमची (मशीनमधली सिक्युरिटी चिप) अट काढा, मायक्रोसॉफ्ट अकाउंटची सक्ती काढा वगैरे टिक असतात. त्या वाचून मगच टिक करा. लिनक्सच्या आयएसओला ते आयएसओ मोड की डीडी मोड (आयएसओ जशीच्या तशी ड्राइव्हवर लिहिणं) विचारतं, पहिल्यांदा आयएसओ मोडच घ्या आणि बूट नाही झालं तर दुसरा.

व्हेन्टॉय वेगळ्याच प्रकारचं आहे. ते पेन ड्राइव्हवर एकदा टाकायचं, मग आयएसओ फाइल्स नुसत्या कॉपी करायच्या, कितीही, बूट झाल्यावर यादी येते आणि त्यातली निवडायची. प्रश्न १ मध्ये म्हटलं ना की नुसती कॉपी केलेली आयएसओ चालत नाही, तर व्हेन्टॉय हाच त्याला अपवाद, कारण बूटलोडर त्याचा स्वतःचा असतो आणि बंद पेटी तोच उघडतो. ज्यांना वारंवार लोकांचे कॉम्प्युटर बघायला लागतात त्यांनी हेच ठेवावं, माझ्या किल्ल्यांना अडकवलेला पेन ड्राइव्ह व्हेन्टॉयचाच आहे. सिक्युअर बूट (फक्त साइन केलेलेच बूटलोडर चालू देणारं सेटिंग) चालू असलेल्या मशीनवर पहिल्यांदा लावलं की एक निळी स्क्रीन येते आणि की एनरोल करायला सांगते, ते एकदाच करायचं असतं.

एचर लिनक्सच्या आयएसओसाठी छान आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. पण विंडोजची आयएसओ त्याने लिहू नका, ते स्वतःच वॉर्निंग देतं आणि लोक ती बाजूला सारून पुढे जातात. कारण प्रश्न १४ मध्ये आहे.

७. रुफसमध्ये जीपीटी घेऊ की एमबीआर? आणि "ही डिस्क जीपीटी आहे, इथे विंडोज टाकता येणार नाही" अशी एरर येतेय ती का?

दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे म्हणून एकत्र घेतले. जीपीटी आणि एमबीआर या डिस्कवर पार्टिशन मांडायच्या पद्धती आहेत, जीपीटी नवी आणि एमबीआर जुनी.

चालू कॉम्प्युटरवर विंडोजचं बटण आणि आर दाबून एमएसइन्फो३२ टाका, तिथे बायोस मोड समोर यूईएफआय लिहिलंय की लेगसी (म्हणजे जुना बायोस) ते दिसतं. यूईएफआय असेल तर जीपीटी, लेगसी असेल तर एमबीआर. विंडोज ८ सोबत आलेलं किंवा त्यानंतरचं कुठलंही मशीन असेल तर जवळपास नक्की यूईएफआयच. विंडोज ११ साठी तर यूईएफआय लागतंच.

आता गंमत अशी की इथे निवडलेलं जीपीटी-एमबीआर हे पेन ड्राइव्हचं असतं, तुमच्या आतल्या डिस्कचं नाही. आतल्या डिस्कला काय लागणार हे इन्स्टॉलर कुठल्या मोडमध्ये बूट झाला त्यावर ठरतं. यूईएफआयमधून बूट झाला तर तो जीपीटी डिस्कच मागतो, लेगसीतून झाला तर एमबीआर. म्हणजे वरची एरर आली तर तुमची डिस्क बरोबर आहे, तुम्ही चुकीच्या दाराने आत आलात. डिस्क पुसायची काही गरज नाही! रिस्टार्ट करा, बूट मेनूमध्ये तोच पेन ड्राइव्ह दोनदा दिसत असेल तर ज्याच्या आधी यूईएफआय लिहिलंय तो निवडा. दिसत नसेल तर रुफसमध्ये जीपीटी घेऊन परत बनवा आणि बायोसमध्ये सीएसएम किंवा लेगसी सपोर्ट बंद करा.

उलटी एरर आली, म्हणजे डिस्क एमबीआर आहे आणि यूईएफआयला जीपीटी हवंय, तर विंडोजमध्येच एमबीआर२जीपीटी नावाची कमांड आहे जी डेटा न पुसता डिस्क बदलते. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर ती नकार देते. आणि डेटा पुसत नाही असं असलं तरी बॅकअप घेऊनच चालवा.

८. बूट मेनू कुठल्या बटणाने येतो? मी एफ १२ दाबून दाबून थकलो.

कंपनीप्रमाणे बदलतं. डेल, लेनोवो, एसर एफ १२ (एसरमध्ये आधी बायोसमध्ये जाऊन एफ १२ बूट मेनू चालू करायला लागतो, इथेच खूप जण अडकतात), एचपी एफ ९ किंवा आधी एस्केप, असुसचा लॅपटॉप एस्केप, असुसचा मदरबोर्ड एफ ८, एमएसआय आणि एएसरॉक एफ ११, गिगाबाइट एफ १२. लेनोवोच्या काही लॅपटॉपला कडेला बारीक भोकात नोवो बटण असतं, मशीन बंद असताना पिनेने दाबायचं. काही लॅपटॉपवर एफएन पण सोबत धरायला लागतं.

विंडोज चालू होत असेल तर बटणांच्या मागे लागूच नका, शिफ्ट धरून रिस्टार्ट करा, यूज अ डिव्हाइस निवडा, पेन ड्राइव्ह दिसेल. फास्ट स्टार्टअप (विंडोज लवकर चालू व्हावं म्हणून असलेली सोय) मुळे शटडाउन हे खरं शटडाउन नसतं म्हणून बटण दाबूनही मेनू येत नाही, रिस्टार्ट केल्यावर येतो.

९. बूट मेनूमध्ये पेन ड्राइव्ह दिसतच नाही. सिक्युअर बूट बंद करू का?

लगेच नको. आधी पोर्ट बदला, हबमध्ये लावला असेल तर काढून थेट मशीनला लावा, डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूला. मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर पेन ड्राइव्ह उघडून आत ईएफआय नावाचं फोल्डर आहे का बघा, नसेल तर पेन ड्राइव्ह नीट बनलेलाच नाही.

एक फॅट३२-एनटीएफएसचं प्रकरण पण असतं (एनटीएफएस ही विंडोजची फाइल्स मांडायची पद्धत). बरेच यूईएफआय फक्त फॅट३२ वाचतात, आणि फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि विंडोजच्या आयएसओमधली इन्स्टॉल.विम ही फाइल बऱ्याचदा ४ च्या वर जाते. रुफस यावर उपाय म्हणून मोठं एनटीएफएस पार्टिशन करतं आणि शेजारी छोटं फॅट पार्टिशन ठेवतं ज्यात एनटीएफएस वाचणारा ड्रायव्हर असतो. मीडिया क्रिएशन टूल लहान फाइल वापरून फॅट३२ मध्येच बसवतं. त्यामुळे एकाने बनवलेला दिसत नसेल तर दुसऱ्याने बनवून बघा, खूपदा तेवढ्यानेच काम होतं.

सिक्युअर बूट विंडोजला, उबंटूला, फेडोराला अडवत नाही, त्यांचे बूटलोडर साइन केलेले असतात. सिक्युअर बूटची स्पष्ट एरर आली तरच तात्पुरता बंद करा आणि काम झाल्यावर परत चालू करा. बंद करण्याआधी पुढचा प्रश्न वाचा.

१०. बायोसमध्ये काहीतरी बदललं आणि आता विंडोज निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी की मागतंय, मी तर कधी लॉक लावलंच नव्हतं!

हे बिटलॉकर, किंवा होम एडिशनमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की ते बऱ्याचदा आपोआप चालू होतं, कोणी वेगळं विचारत नाही. सिक्युअर बूट किंवा टीपीएमच्या सेटिंगला हात लावला की त्याला वाटतं कोणीतरी छेडछाड करतंय.

की बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते, फोनवरून लॉगिन करून डिव्हाइसेस मध्ये बघा. स्क्रीनवर की आयडी दिसतो तो तिथल्याशी जुळवा. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आयटीवाल्यांकडे. आधी बदललेलं सेटिंग पूर्ववत करून बघा, पुष्कळदा तेवढ्यानेच विंडोज गपचूप उघडतं.

की कुठेच नाही सापडली तर तो डेटा उघडणार नाही, कोणी "काढून देतो" म्हणालं तरी पैसे देऊ नका. अख्खी डिस्क पुसून नवीन विंडोज टाकायला मात्र की लागत नाही. फक्त लक्षात घ्या, सी पुसून डी ठेवणार असाल आणि डी पण लॉक असेल तर नंतर त्याला की लागणारच, तेव्हा आधी शोधून ठेवा.

११. इन्स्टॉलरमध्ये पाच-सहा पार्टिशन दिसतायत, कुठलं डिलीट करू? डी वाचवायचाय. आणि एकाच्या लॅपटॉपवर तर डिस्कच दिसत नाहीये.

आधी हे की इथे सी-डी अक्षरं नसतात किंवा असली तरी वेगळी असू शकतात. साइजने ओळखायचं. म्हणून बॅकअप घेतानाच कागदावर लिहून ठेवा, सी एवढ्याचा, डी एवढ्याचा. १००-५०० एमबीची छोटी पार्टिशन सिस्टिमची आणि रिकव्हरीची असतात.

डी ठेवायचा असेल तर फक्त जुन्या सी चं पार्टिशन आणि त्याच डिस्कवरची ती छोटी सिस्टिमची पार्टिशन डिलीट करा, मोकळी जागा तयार होते ती निवडून नेक्स्ट, बाकीचं विंडोज स्वतः करतं. डिलीट न करता जुन्या सी वरच नेक्स्ट दाबलं तर जुनं सगळं विंडोज.ओल्ड नावाच्या फोल्डरमध्ये जातं, त्यात फाइल्स सापडतात पण त्यावर भरवसा ठेवून बॅकअप टाळू नका, काही दिवसांनी विंडोज ते स्वतःच साफ करतं. दोन डिस्क असतील तर ज्यात डेटा आहे त्या डिस्कची केबल काढून ठेवणं सगळ्यात उत्तम. मी एकदा रात्री उशिरा घाईघाईत लिनक्सच्या डीडी कमांडने पेन ड्राइव्हऐवजी शेजारच्या डिस्कवर लिहिलं, नावात एका अक्षराचा फरक होता, आणि घरातले कितीतरी वर्षांचे फोटो त्यात होते. तेव्हापासून मी साइज मोठ्याने वाचून मगच एंटर दाबतो.

डिस्क दिसतच नसेल तर ती मेली असं लगेच समजू नका. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाचं सेटिंग चालू असतं आणि विंडोजच्या इन्स्टॉलरकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्या, एक्स्ट्रॅक्ट करून पेन ड्राइव्हवर ठेवा आणि लोड ड्रायव्हर मधून दाखवा. दुसरा उपाय म्हणजे बायोसमध्ये व्हीएमडी बंद करणं, पण जुनं विंडोज अजून वापरात असेल तर ते मग बूट होणार नाही, म्हणून मी ड्रायव्हरवालाच रस्ता सांगतो.

१२. प्रॉडक्ट की नाहीये माझ्याकडे, लॅपटॉपसोबत काहीच आलं नव्हतं.

विंडोज ८ किंवा त्यानंतरचं विंडोज ज्यात कंपनीकडूनच आलं त्या लॅपटॉपची की मदरबोर्डमध्येच असते, इन्स्टॉलर ती स्वतः वाचतो. विचारलंच तर माझ्याकडे की नाही वर क्लिक करा आणि एडिशन मात्र तीच निवडा जी आधी होती. होम असताना प्रो टाकलं तर ॲक्टिव्हेट होणार नाही. पूर्वी ॲक्टिव्हेट असलेलं मशीन इंटरनेटला जोडलं की आपोआप ओळखलं जातं. मदरबोर्ड बदलला असेल तर हे लागू नाही. क्रॅक वगैरेबद्दल विचारू नका, उत्तर प्रश्न ५ मधलंच.

१३. इन्स्टॉल झालं पण वायफाय दिसत नाही आणि विंडोज ११ इंटरनेटशिवाय पुढे जाऊ देत नाही.

फोन केबलने जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा. अँड्रॉइड असेल तर बहुतेक वेळा ड्रायव्हरशिवाय लगेच चालतं आणि फोनचं वायफायच कॉम्प्युटरला मिळतं, म्हणजे डेटा पण जात नाही. नाहीतर लॅन केबल. किंवा आधीच शहाणपणा करून वायफायचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर ठेवा, लॅपटॉपचं मॉडेल टाकून कंपनीच्या साइटवर मिळतो. सेटअपच्या स्क्रीनवर शिफ्ट आणि एफ १० दाबलं की कमांडची काळी खिडकी उघडते, तिथून तो चालवता येतो.

१४. माझ्याकडे लिनक्स आहे, त्यावर विंडोजचा पेन ड्राइव्ह डीडीने बनवला, बूटच होत नाही.

होणार नाही. लिनक्सच्या आयएसओ हायब्रिड बनवलेल्या असतात, डीव्हीडी म्हणूनही चालतात आणि जशाच्या तशा पेन ड्राइव्हवर लिहिल्या तरी चालतात. विंडोजच्या तशा नसतात. लिनक्सवर सोपा उपाय व्हेन्टॉय (प्रश्न ६), आयएसओ कॉपी केली की झालं.

१५. पेन ड्राइव्ह बनवताना ९९ टक्क्यांवर अडकलाय, अर्धा तास झाला, काढू का?

नको. कॉम्प्युटर आधी मेमरीत लिहून घेतो आणि मग हळूहळू पेन ड्राइव्हवर उतरवतो, जुना यूएसबी २ चा पेन ड्राइव्ह असेल तर शेवटी बराच वेळ लागतो. पेन ड्राइव्हचा लाइट लुकलुकत असेल तर काम चालू आहे. तासाभरानेही हललं नाही तर मग पेन ड्राइव्हच खराब.

१६. सगळं झालं, रिस्टार्ट झालं, आणि परत पहिल्यापासून भाषा निवडा म्हणतंय!

पेन ड्राइव्हवरून परत बूट झालं. तो काढा आणि रिस्टार्ट करा, किंवा बायोसमध्ये हार्ड डिस्क पहिल्या नंबरला आणा. परत इन्स्टॉल करत बसू नका.

१७. विंडोज ११ म्हणतं तुमचा पीसी चालणार नाही. रुफसने अट काढून टाकू का, की १० वरच राहू?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सिक्युरिटी अपडेटची योजना आली ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. म्हणजे १० नव्याने टाकणं आता फार दिवसांचा उपाय नाही.

आधी बायोसमध्ये बघा, टीपीएम बऱ्याच मशीनमध्ये असतो पण बंद असतो, इंटेलवर पीटीटी आणि एएमडीवर एफटीपीएम नावाने. तो चालू केल्यावर पुष्कळ मशीन पास होतात. प्रोसेसरच जुना असेल तर रुफसने अट काढून टाकता येतं आणि चालतंही, पण मायक्रोसॉफ्टचा त्याला पाठिंबा नाही, पुढचं मोठं अपडेट स्वतः हाताने करायला लागू शकतं. आणि फारच जुना प्रोसेसर, ज्याला पॉपकाउंट नावाची इन्स्ट्रक्शन (प्रोसेसरचा आदेश) येत नाही, त्यावर २४एच२ या व्हर्जनपासूनचं विंडोज ११ बूटच होत नाही, तिथे कुठलीही युक्ती चालत नाही. अशा मशीनवर मी मनापासून लिनक्स मिंट सांगतो, आधी पेन ड्राइव्हवरून चालवून बघा, वायफाय, आवाज, प्रिंटर सगळं चालतंय का ते, आणि मगच टाका.

१८. मॅकसाठी पण असंच करायचं का?

बहुतेक वेळा पेन ड्राइव्ह लागतच नाही. इंटेलच्या मॅकवर चालू होताना कमांड आणि आर धरा, ॲपलच्या स्वतःच्या चिपवाल्या मॅकवर (नोव्हेंबर २०२० पासूनचे) पॉवर बटण धरून ठेवा जोपर्यंत स्टार्टअपचे पर्याय येत नाहीत, तिथून रिकव्हरीत जाऊन इंटरनेटवरून मॅकओएस परत टाकता येतं. तरी बनवायचाच असेल तर ३२ जीबीचा घ्या, इन्स्टॉलर ॲप डाउनलोड करा आणि त्याच्या आतच असलेली क्रिएटइन्स्टॉलमीडिया ही कमांड टर्मिनलमध्ये चालवा. टी२ चिपवाल्या इंटेल मॅकवर रिकव्हरीतल्या स्टार्टअप सिक्युरिटी युटिलिटीत जाऊन बाहेरच्या ड्राइव्हवरून बूट करायची परवानगी आधी द्यायला लागते.

१९. काम झालं, आता पेन ड्राइव्ह ३२ एमबीचाच दिसतोय, खराब झाला का?

नाही, त्यावर एकापेक्षा जास्त पार्टिशन झालीत आणि विंडोज तुम्हाला छोटंच दाखवतंय. रुफसमध्ये बूट सिलेक्शनला नॉन बूटेबल निवडून स्टार्ट करा, परत पहिल्यासारखा होतो. कमांडने करायचं असेल तर डिस्कपार्ट उघडून लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क आणि नंबर, मग क्लीन, आणि त्यानंतर डिस्क मॅनेजमेंटमधून नवीन पार्टिशन. क्लीन ही कमांड परत विचारत नाही, सरळ पुसते, तेव्हा नंबर टाकायच्या आधी यादीतली साइज वाचा, ५०० जीबीसमोरचा नंबर तुमच्या पेन ड्राइव्हचा नसतो.